जवळची बादली

समोर आलेले काम शक्य तितक्या लवकर उरकून टाकायची ओढ, आणि त्यापायी जास्तीचे कष्ट उपसायचीही तयारी, याला मानसशास्त्रात ‘प्रीक्रॅस्टिनेशन’ म्हणतात. चालढकलीवर ढीगभर संशोधन झाले आहे. या उरकाउरकीला मात्र शास्त्रीय नाव मिळाले ते २०१४ साली, पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील डेव्हिड रोझेनबॉम, लान्युन गाँग आणि कोरी अ‍ॅडम पॉट्स यांच्या शोधनिबंधातून. ज्यांच्या वागण्यातून ही ओढ प्रथम लक्षात आली, ते विद्यापीठातले विद्यार्थीच होते.

इतकी वर्षे ती कोणाला दिसली नाही याचे कारण सरळ आहे. चालढकल करणारा विद्यार्थी सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो. त्याला मुदतवाढ हवी असते, त्याच्यासाठी शिक्षकाला थांबावे लागते, घरी बोलणी बसतात. वेळेआधी काम आणून देणाऱ्याबद्दल तक्रार कोण करणार? त्याची वही पूर्ण असते, फाईल जमा असते, तोंडावर सुटल्याचा आनंद असतो. त्याच्या घाईची किंमत कामाच्या दर्जात, दुबार केलेल्या मेहनतीत आणि बाजूला पडलेल्या मोठ्या कामात दडलेली असते. ती हिशेबात धरली जात नाही.

दोन बादल्या, एक वाट

प्रयोग अगदी बाळबोध होता. एक मोकळी वाट. तिच्या डाव्या बाजूला एक बादली, उजव्या बाजूला दुसरी. विद्यार्थ्याने चालत जायचे, दोन्हींपैकी कोणतीही एक उचलायची आणि वाटेच्या टोकाला नेऊन ठेवायची. सूचना एवढीच, की जे सोपे वाटेल ते करा. बहुतेक फेऱ्यांत एक बादली सुरुवातीजवळ असे, दुसरी शेवटाजवळ. चालायचे अंतर कोणतीही घेतली तरी तेवढेच. शेवटाजवळची घेतली तर चार पावले ओझे, सुरुवातीजवळची घेतली तर जवळजवळ सगळी वाट ओझे.

शेवटाजवळची बादलीच उचलली जाईल असा संशोधकांचा अंदाज होता, आणि त्याला आधारही होता. रोझेनबॉम यांचे मूळ काम शरीराच्या हालचालींवरचे. टेबलावर पालथे ठेवलेले ग्लास वेटर कसे उचलतो, हे त्यांनी पूर्वी बारकाईने पाहिले होते. वेटर आधी मनगट उलटे फिरवतो, अंगठा खाली नेतो, अवघडलेल्या हाताने ग्लास धरतो. कारण ग्लास सुलटा झाल्यावर, पाणी ओतण्याच्या वेळी, हात सोयीच्या स्थितीत यावा. म्हणजे शेवट सुखाचा व्हावा म्हणून शरीर सुरुवातीची अडचण सोसते. १९९० पासून प्रयोगांतून वारंवार पटलेली ही गोष्ट. इतका पुढचा विचार करणारे शरीर बादली उचलताना तो करणार नाही, असे वाटायला जागा नव्हती.

झाले उलटेच. बहुतेकांनी सुरुवातीजवळची बादली उचलली आणि ती लांबवर वाहून नेली. काही चूक तर होत नाही ना म्हणून प्रयोग निरनिराळ्या तऱ्हांनी फिरवून पाहिला गेला. लांबची बादली नजरेतच येत नसेल का, पावले आणि हात यांचा मेळ बसवायला जवळची सोपी जात असेल का, अशा शंका एकेक करून तपासल्या गेल्या. एकूण ९ प्रयोग झाले. कल बदलला नाही. शेवटी विद्यार्थ्यांनाच विचारले, तेव्हा त्यांनी दिलेल्या कारणांचा सूर एकच होता: काम लवकर व्हावे म्हणून. खरे तर काम त्यामुळे क्षणभरही लवकर होत नव्हते. बादली टोकाला पोहोचायला तेवढाच वेळ लागत होता. लवकर होत होते ते फक्त ‘बादली उचलणे’ हे मधले पाऊल.

सगळी गोम या मधल्या पावलात आहे. मोठ्या कामाचा एखादा तुकडा पूर्ण झाला, की मनाला काम पुढे सरकल्याचा हिशेब लागतो. तुकडा आता पूर्ण केला काय किंवा नंतर केला काय, एकूण कामाला काही फरक पडत नसला, तरी मन तो आताच मागते. मंडईच्या तोंडाशीच दिसलेले कलिंगड घेऊन ते सगळ्या मंडईभर काखोटीला मारून हिंडणारा माणूस हेच करत असतो.

हाताचे ओझे, डोक्याचे ओझे

रोझेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा संबंध कार्यकारी स्मृतीशी जोडला. एखादे काम चालू असताना लागणारी माहिती तेवढ्यापुरती धरून ठेवणारा मनाचा हा भाग फार अरुंद आहे; एका वेळी चारपाच गोष्टींपलीकडे त्यात मावत नाही. ‘पुढची बादली घ्यायची आहे’ हे लक्षात ठेवणे हे त्यातले एक छोटे ओझे. जवळची उचलून टाकली की ते उतरते. हातावरचे वाढले तरी चालेल, पण डोक्यावरचे कमी व्हावे, असा हा सौदा.

या म्हणण्याची परीक्षा वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील लिसा फोर्निए यांनी रोझेनबॉम आणि इतरांसह घेतली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्ही वस्तू आणून द्यायच्या होत्या: एक जवळची, एक लांबची. शहाणपणाचा मार्ग उघड होता. मोकळ्या हाताने लांब जावे, तिथली वस्तू घ्यावी आणि परतताना जवळची उचलावी. पण वस्तू म्हणून चेंडू ठेवलेल्या बादल्या दिल्या, तेव्हा लोक जाताना जवळची आधी उचलत, ती लांबच्या बादलीपर्यंत नेत आणि मग दोन्ही घेऊन परत येत. ज्यांना त्याच वेळी काही लक्षात ठेवण्याचे जास्तीचे काम दिले होते, त्यांच्यात हा प्रकार अधिक दिसला. डोक्यावरचा भार वाढवला की घाई वाढते, हे त्यातून पुढे आले.

दुसऱ्या भागात बादल्यांच्या जागी पाण्याने भरलेले कप आले. आता जवळचा कप आधी उचलला तर तो न सांडता सगळ्या वाटेवर सांभाळायचा, म्हणजे सतत लक्ष ठेवायचे. तसे होताच जवळच्या वस्तूची ओढ नाहीशी झाली. म्हणजे ही घाई आंधळी नाही. अंगमेहनत वाढली तर ती खुशाल सोसते. लक्ष द्यायची मेहनत वाढू लागली की मागे हटते. मन वाचवते आहे ते स्वतःला, शरीराला नाही.

कबुतरेही घाई करतात

ही सवय अभ्यासक्रम, गुण, तारखा यांच्या धाकातून आलेली असावी, असे सहज वाटते. आयोवा विद्यापीठातील एडवर्ड वॉसरमन यांच्या प्रयोगशाळेने त्याला वेगळी बाजू दाखवली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कबुतरांपुढे स्पर्शाचा पडदा होता. आधी मधल्या चौकोनावर चोच मारायची. मग दुसरी टोच मध्येच किंवा बाजूला. तिसरी बाजूच्या खुणेवर. दुसरी टोच कुठेही मारली तरी दाणे तेवढेच आणि तेव्हाच मिळत. तरीही कबुतरे दुसऱ्याच टोचेला बाजूला सरकू लागली. शेवटी जायचे आहे तिथे आताच जाऊन थांबायचे, बदल्यात काही मिळो न मिळो.

परीक्षा न देणाऱ्या प्राण्यातही ही ओढ असेल, तर तिची मुळे जुनी असावीत. हाताशी आलेले फळ नंतर घेऊ म्हणून सोडले, तर परतताना ते असेलच असे नाही. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हा हिशेब जगण्याच्या लढाईत बहुतेकदा बरोबर ठरतो. शिवाय काम लवकर हातात घेतले की ते केवढे आहे याचा अंदाज येतो. म्हणून ही घाई निव्वळ खोड म्हणून बाजूला टाकता येत नाही. जिथे सामग्री हातातून निसटण्याची भीती आहे तिथे ती उपयोगाची. निबंधाचा विषय किंवा प्रकल्पाचा आराखडा मात्र कुठे पळून जात नसतो.

अर्धवट कामाचा जाच

अर्धवट राहिलेले काम मनाला टोचत राहते, ही कल्पना १९२०च्या दशकातील बर्लिन विद्यापीठातली. कुर्ट लेविन यांच्या विद्यार्थिनी ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये असे मांडले, की मध्येच तोडलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात. त्यांच्याच वर्तुळातील मारिया ओव्हसियांकिना यांनी पुढच्याच वर्षी दाखवले, की तोडलेले काम संधी मिळताच लोक आपणहून पुन्हा हातात घेतात. या दोन निष्कर्षांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. आठवणीबद्दलचा पहिला निष्कर्ष नंतरच्या प्रयोगांत डळमळला. काम पुन्हा हाती घेण्याच्या ओढीचा दुसरा मात्र टिकून राहिला. अर्धवट काम जास्त आठवो वा न आठवो, ते संपवायला मात्र ओढते.

विद्यार्थ्याच्या बाबतीत या ओढीला भीतीची जोड मिळते. नकोशी गोष्ट घडण्यापेक्षा तिची वाट पाहणे काहींना जास्त छळते. ग्रेगरी बर्न्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना विजेचे झटके दिले जात. थोडा थांबून हलका झटका, की लगेच पण जोराचा, असा पर्याय मिळाला तेव्हा काहींनी चक्क जोराचा पण लगेचचा निवडला. तोंडी परीक्षेला पहिला क्रमांक मागून घेणारी, तयारी अर्धी असतानाही ‘एकदाचं होऊन जाऊ दे’ म्हणणारी विद्यार्थिनी याच जातीची निवड करते. आणखी दोन तास वाचून दोन गुण जास्त मिळाले असते, हे तिला ठाऊक असते. पण ते दोन तास दाराबाहेर उभे राहून काढायचे असतात.

या जाचातून सुटायचा एक मार्ग काम संपवण्याइतकाच परिणामकारक निघाला. इ. जे. मासिकॅम्पो आणि रॉय बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये दाखवले, की अपुऱ्या राहिलेल्या उद्दिष्टाचा विचार दुसरे काम करताना मध्ये मध्ये घुसतो आणि ते काम बिघडवतो. पण ते उद्दिष्ट कधी, कुठे, कसे पूर्ण करायचे याची नेमकी योजना करू दिली, तर घुसखोरी थांबते. काम तिळभरही पुढे सरकलेले नसले तरी. काम संपायलाच हवे असा मनाचा हट्ट नसतो. त्याची जबाबदारी कुठेतरी नीट ठेवलेली आहे, एवढी खात्री त्याला पुरते.

सबमिशनचे दिवस

महाराष्ट्रातील कोणत्याही अभियांत्रिकी किंवा विज्ञान महाविद्यालयात सत्राच्या अखेरीस जो आठवडा येतो, त्याला सगळे ‘सबमिशन’ म्हणतात. प्रयोगांच्या वह्या, असाइनमेंट, फाईली, पहिल्या पानावरची अनुक्रमणिका आणि तिच्या शेवटच्या रकान्यात शिक्षकांची सही. सगळी खटपट त्या रकान्यासाठी. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात पहिला प्रश्न येतो तो ‘सही झाली का कोणाची?’ प्रयोगातून काय कळले, हा प्रश्न तिथे सहसा येत नाही.

अशा वेळी मधले पाऊल मुख्य कामाला कसे गिळते, हे साध्या लंबकाच्या प्रयोगात स्पष्ट दिसते. दोऱ्याची लांबी बदलत जायचे, प्रत्येक लांबीला वीस आंदोलनांचा वेळ मोजायचा, तोही दोनदा, आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढायचे. उरकायची घाई असलेला गट दोन लांब्यांची मापे खरीखुरी घेतो. उत्तर सेकंद वर्गाला ९८० सेंटिमीटरच्या आसपास यायला हवे, हे सगळ्यांना माहीत असते. मग उरलेले रकाने उलट्या गणिताने भरले जातात. या प्रकाराला ‘रीडिंग जुळवणे’ असे सर्वमान्य नाव आहे. तक्ता पूर्ण होतो, आलेखावर बिंदू एका रेषेत शिस्तीत बसतात, सही मिळते. दोरा कडीपर्यंत मोजायचा की गोळ्याच्या मध्यापर्यंत, हा प्रश्न मात्र कोणाला पडलेला नसतो, कारण तो पडण्यासाठी तिसऱ्या-चौथ्या मापाला उत्तर चुकावे लागते.

वर्गात सर्वांत आधी पूर्ण झालेली वही पुढे सगळ्यांची मूळ प्रत बनते. तिच्या पानांचे फोटो गटावर फिरतात, महाविद्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात तिच्या प्रती निघतात. पहिल्याने घाईत केलेली चूक मग वीस वह्यांत त्याच ओळीत, त्याच आकड्यासह सापडते. सावकाश काम करणाऱ्याची नीट वही तयार होते तोवर तिची गरज उरलेली नसते.

आणि लवकर देणाऱ्याला लवकर सुटका मिळतेच असेही नाही. शिक्षकांनी प्रश्नांची यादी दिली, कोणी त्याच रात्री सगळे लिहून काढले आणि तिसऱ्या दिवशी दोन प्रश्न बदलले, असे दर सत्रात घडते. उत्तरे पुन्हा लिहावी लागतात. ऑनलाइन वर्गांनी यात भर टाकली. काम जमा झाल्याची खूण पडद्यावर लगेच उमटते आणि ती मिळवायला एक बटण पुरते. ज्यांनी दाबले नाही त्यांना बाकी कामांची यादी रोज समोर दिसते. डोक्यावरचे ओझे आकड्यात दाखवणारी ही सोय उरकायची ओढ आणखी वाढवते.

उरकणारा आणि टाळणारा

उरकाउरकी आणि चालढकल ही दोन टोके वाटतात, पण एकाच विद्यार्थ्यात ती सुखाने नांदतात. संदर्भांची यादी नीट लावणे, मुखपृष्ठाचा टंक निवडणे, ईमेलला उत्तर देणे, फाईलला पंच मारणे ही कामे सकाळीच हातावेगळी होतात. प्रबंधाचे दुसरे प्रकरण महिनाभर तसेच राहते. दिवस रिकामा गेला असे म्हणता येत नाही, उलट दिवसभर कामे संपतच असतात. छोटी कामे संपवण्याचा हा आनंद मोठ्या कामाच्या टाळाटाळीला सभ्य रूप देतो.

मेंग झू, यांग यांग आणि क्रिस्टोफर शी यांनी २०१८ मध्ये याच्या शेजारचा प्रकार दाखवला. दोन कामांपैकी एकाचा मोबदला कमी, पण त्याची मुदत लवकर संपणार असे भासवले. दुसऱ्याचा मोबदला जास्त आणि मुदत निवांत. वेळ दोन्हींना पुरेसा होता, तरी कमी मोबदल्याचे पण ‘तातडीचे’ काम निवडणारे वाढले. स्वतःला फार व्यग्र समजणारे याला अधिक बळी पडले. निवड करतानाच दोन्ही मोबदल्यांकडे लक्ष वेधले तेव्हा परिणाम ओसरला. काय मिळणार हे डोळ्यांसमोर असेल तर तातडीचा दरारा कमी होतो.

परीक्षेच्या शेवटच्या अर्ध्या तासात

परीक्षेच्या खोलीत ही ओढ सर्वांत उघडी पडते. पहिला मुलगा पुरवण्या बांधून उठला, की खुर्च्या सरकू लागतात. ज्यांचे लिहून झाले आहे पण तपासायचे आहे, त्यांना तो अर्धा तास जड जातो. ‘पुन्हा वाचलं की बरोबर असलेलं चुकतं’ ही समजूत अशा वेळी कामी येते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी ती तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मानसशास्त्राच्या १,५०० हून अधिक विद्यार्थ्यांच्या बहुपर्यायी उत्तरपत्रिकांवरील खोडलेल्या खुणा मोजल्या. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीची बरोबर झाली होती. बरोबरची चुकीची झालेली २५ टक्के. बाकीची चुकीवरून दुसऱ्या चुकीवर गेलेली. तरीही पहिलेच उत्तर ठेवावे असे बहुतेक विद्यार्थ्यांना वाटत होते. बदलून चुकलेला एक प्रश्न जिव्हारी लागतो, बदलून सुधारलेले दोन विसरले जातात.

शेन फ्रेडरिक यांच्या २००५ मधील गाजलेल्या प्रश्नातही पहिल्या उत्तराची हीच ओढ दिसते. बॅट आणि चेंडू मिळून १ डॉलर १० सेंट. बॅट चेंडूपेक्षा १ डॉलरने महाग. तर चेंडू केवढ्याचा? ‘१० सेंट’ हे उत्तर आपोआप तोंडात येते, आणि ते चूक आहे. बरोबर उत्तर ५ सेंट. नामांकित विद्यापीठांतील हुशार मुलेही इथे अडखळली. गणित कोणालाही जमण्यासारखे आहे. कमी पडते ती आलेले उत्तर क्षणभर हातात धरून ठेवण्याची सवय.

सुरुवात लवकर, शेवट सावकाश

‘आजचे काम उद्यावर ढकलू नका’ या उपदेशात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत: काम लवकर सुरू करणे आणि काम लवकर संपवणे. पहिलीचा फायदा जवळजवळ नेहमीच होतो, दुसरीचा कामागणिक बदलतो. डॅन एरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एमआयटीमधील विद्यार्थ्यांच्या एका वर्गाला तीन निबंधांच्या तारखा स्वतः ठरवू दिल्या. लवकर देण्याचा काहीच लाभ नव्हता, उशीर झाला तर दंड होता, तरी बहुतेकांनी शेवटच्या दिवसाआधीच्या तारखा घेतल्या. ज्या वर्गाला तारखा समान अंतरावर नेमून दिल्या होत्या, त्याला गुण अधिक मिळाले. काम सत्रभर पसरले की फायदा होतो. आधीच उरकले किंवा शेवटी कोंबले, तर तो हुकतो. जीहे शिन आणि अ‍ॅडम ग्रँट यांच्या २०२१ मधील अभ्यासाने त्याला दुसऱ्या बाजूने दुजोरा दिला: थोडी चालढकल करणाऱ्यांच्या कल्पना, मुळीच न करणाऱ्यांपेक्षा आणि फार करणाऱ्यांपेक्षा अधिक नावीन्यपूर्ण ठरल्या. अट एवढी, की विषयात रस हवा.

म्हणून घाई कुठे करावी याची कसोटी कामातूनच मिळते. फॉर्म भरणे, शुल्क भरणे, ग्रंथालयाचे पुस्तक परत करणे ही कामे पडून राहिल्याने सुधारत नाहीत. ती लगेच केलेली बरी. निबंध, प्रकल्प, संगणकाचा प्रोग्रॅम, प्रबंधाचा विषय ही कामे मध्ये दोन दिवस पडून राहिली की त्यांतल्या चुका आपोआप दिसू लागतात. ती लवकर सुरू करून उशिरा द्यावीत. मधल्या काळात डोक्याला होणारा जाच कागदावर उतरवता येतो. ‘निबंध पूर्ण करणे’ असे लिहून भागत नाही. ‘गुरुवारी दुपारी ग्रंथालयात दुसरा मसुदा वाचणे’ एवढे नेमके लिहिले, तर मन ते सोडून देते.

शिक्षकांच्या हातातही काही आहे. सूचना तुकड्यातुकड्यांनी वेगवेगळ्या गटांवर न टाकता एकदाच, एका जागी दिल्या, तर लक्षात ठेवण्याचे ओझे कमी होते आणि घाईचे मूळही. कच्चा मसुदा हा वेगळा टप्पा ठेवून त्याची वेगळी सही दिली, तर उरकायची ओढ मसुद्यावर भागते आणि अंतिम प्रत सवडीने होते. लंबकाच्या तक्त्याबरोबर ‘कोणते माप जुळले नाही आणि का’ असे चार ओळींचे उत्तर मागितले, तर रकाने जुळवणे महाग पडते. भरलेल्या कपासारखे काम लक्ष मागू लागले, की घाई आपणहून कमी होते, हे फोर्निए यांच्या प्रयोगाने दाखवलेच आहे. त्यासाठी विद्यार्थ्याचा स्वभाव बदलावा लागत नाही. कामाची मांडणी बदलली तरी पुरते.